मुकं कालव

१

कालवांचा बार कसा निवडावा हे विचारायचं तर मला विचारा. उभी हयात संगमरवरी ओट्यामागं कालवं फोडण्यात घालवलीय. नवखे लोक आधी कालवं बघतात. डोंबल! न्यू ऑर्लिन्समध्ये झाडून सगळ्या बारांत कालवं त्याच खाडीतली. मी आधी खिडकी बघतो. काच रस्त्याच्या बाजूला हवी, लख्ख पुसलेली हवी, आणि स्टूल असं हवं की कालव घशाखाली उतरवताना रस्त्यानं जाणारा माणूस नाकासमोरून गेला पाहिजे.

हे शास्त्र माझं नव्हे, माझ्या बायकोचं. ओडेटला माणसं बघायचं व्यसन. मी निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी आम्ही दोघं शहरात निघायचो, एखादा न पाहिलेला बार हुडकायचो, खिडकी धरून बसायचो, आणि मग बाईसाहेब सुरू.

"तो बघ, ओहायोचा. चेहराच ओहायोचा आहे. बायकोला सांगून आलाय कामासाठी जातोय म्हणून, आणि इथं गळ्यात मण्यांच्या माळा घालून हिंडतोय."

"हळू बोल, ऐकेल तो."

"काचेतून? आणि ती बघ, गुलाबी टोपीवाली. नवरीची मैत्रीण. तिला नवरा पसंत नाही, पण सांगणार कोण?"

मी म्हणायचो, अगं, लोकांच्या संसारात किती नाक खुपसशील? ती म्हणायची, तुझ्या संसारात खुपसून कंटाळा आला म्हणून. आणि हसायची. ओडेटचं हसणं म्हणजे सगळं तोंड उघडून, दाढेतल्या चांदीसकट. बारमधले अनोळखी लोकसुद्धा वळून बघायचे आणि उगाचच हसायचे. त्या हसण्यावरच मी लग्न केलं. पहिल्यांदा ती माझ्या ओट्याशी आली तेव्हा वीस-बावीसची पोर होती. सारखी बडबड. मध्येच तिनं विचारलं, "तुमच्या कालवांत कधी मोती निघतो का हो?" मी म्हणालो, "निघालाय की. समोरच बसलाय. फक्त तोंड बंद करत नाही." तेव्हा ती जी हसली, ती हसली. पुढं आमच्यात काही बिनसलं की मी तेवढंच म्हणायचो, मोती तोंड बंद करेल काय? भांडण तिथंच संपायचं.

२

मार्च महिन्यात, कार्निव्हलच्या माळा अजून झाडांवर लोंबत होत्या, तेव्हा आम्ही माझ्या धाकट्या भावाकडं, लुक्शाकडं, गेलो होतो. तो नदीच्या खालच्या अंगाला राहतो. आमच्या वडिलांनी समुद्रापलीकडून येऊन तिथं कालवांची शेती धरली, ती आता तो बघतो. त्याच्या होडीवरून आम्ही खाडीत गेलो. वारा एकदम उठला. ओडेट कडेला उभी होती. मी वळलो तर ती जागा रिकामी.

त्या खाडीत पाण्यात हात घातला तर कोपराखालचं दिसत नाही. बाहेरच्याला हे समजायचं नाही, पण आम्ही तळाशी कधी काही बघतच नाही. लांब दांड्यांचा चिमटा पाण्यात सोडायचा, हाताला कळतं. गाळ लागला, दगड लागला, कालव लागलं, सगळं हाताला लागणाऱ्या वजनावरून. लहानपणापासून हेच केलेलं. त्यामुळं मी उडी मारली तेव्हा डोळे उघडायच्या फंदात पडलोच नाही. तळाच्या रेंद्यात हात खुपसत गेलो. गार, मऊ, काहीच हाती लागेना. आणि मग एक मनगट लागलं. वजन बरोबर होतं. ओढलं.

होडीवर घेतली तेव्हा ती श्वास घेत नव्हती. तोंडातून, नाकातून काळा रेंदा येत होता. मी छातीवर दाबत राहिलो, शिव्या देत राहिलो, रडतही असेन. आणि ती खोकली.

इस्पितळातले लोक म्हणाले, नशीबवान आहात. फुप्फुसं स्वच्छ, कान स्वच्छ, सगळं स्वच्छ. मी देवळात जाऊन मेणबत्त्या लावल्या.  निघताना लुक्शा गाडीशी येऊन म्हणाला, "बाल्डो, एक बोलू?"

"बोल."

"ती डाव्या अंगाला पडली. मी बघितलं पडताना. मी तिकडंच शोधत होतो."

"मग?"

"तू उजवीकडून वर आलास."

मी त्याला म्हणालो, पाण्याला ओढ असते हे तुला मी शिकवायचं काय रे? बाई जिवंत आहे आणि तुला डावं-उजवं सुचतंय.  मी गाडीचं दार जोरात आपटलं.

३

इस्पितळातून आल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही डोफीन रस्त्यावरच्या एका छोट्या बारमध्ये गेलो. मीच हट्ट धरला. तिला पुन्हा माणसांत बसवायचं होतं. खिडकी चांगली, ओटा जुना, खारी बिस्किटं कुरकुरीत. मी तिच्यासाठी तिचा सॉस कालवला, लिंबू जास्त, तिखट कमी. ती स्टुलावर ताठ बसून बाहेर बघत होती. मी मनात म्हटलं, आली बाई माझी परत.

तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणाच्या तरी लग्नाची वरात आली. छत्र्या, रुमाल, ब्रासबँड. आमच्या अगदी खिडकीला लागून ढोलवाला उभा राहिला आणि त्यानं तो मोठा ढोल असा काही हाणला की काच थरारली. सगळा बार दचकला. माझा हात उडून सॉस सांडला. शेजारच्या बाईनं किंचाळून छातीवर हात ठेवला.

ओडेट हलली नाही.

हलली नाही म्हणजे धीट राहिली असं नव्हे. माझं लक्ष नेमकं तिच्या चेहऱ्याकडं होतं. तिची पापणी लवली नाही. मानेची शीर हलली नाही. ती तशीच बाहेर बघत होती. मग तिनं शेजारच्या बाईकडं बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई गं! केवढा आवाज!"

शब्द बरोबर होते. हातही त्या बाईनं ठेवला होता तिथंच होता.

कानांत पाणी राहिलं असेल, मी मनाशी म्हटलं. मग लगेच आठवलं, इस्पितळात म्हणाले होते कान स्वच्छ. शिवाय आवाज ऐकल्याशिवाय ती 'केवढा आवाज' म्हणाली कशी? औषधांची गुंगी असेल. असतेच. मी सांडलेला सॉस पुसत बसलो.

"काय गं, आज कुणाचं काही सांगत नाहीस?" मी विचारलं.

 ती रस्त्यावरच्या एका माणसाकडं हनुवटी करून म्हणाली, "हा."

"काय हा? ओहायोचा?"

"नाही. हा."

राखाडी कोट, हातात भाजीची पिशवी, कुणाच्याही लक्षात न राहणारा माणूस. आमच्याकडं न बघता निघून गेला. ओडेटनं रुमाल तोंडाशी धरला आणि ओठ टिपले. तिच्या ताटलीतली कालवं तशीच होती.

४

पुढं एकदा क्लोटीलकडं गेलो. क्लोटील माझी चेली. माझ्या हाताखाली शिकली आणि आता तिचा स्वतःचा बार आहे. जिभेनं माझ्यापेक्षा तिखट. तिथं रीत आहे. नेहमीचं गिऱ्हाईक बसलं की क्लोटील सुरीची मूठ त्याच्यासमोर ओट्यावर टक्कन वाजवते. गिऱ्हाईकानं बोटाच्या पेरानं टक्कन उत्तर द्यायचं. झाला रामराम.

"या, मिस्टर बाल्डो! अजून जिवंत?" टक्.

"तुझी कालवं खाऊनसुद्धा." टक्.

"आणि मिस ओडेट, जीव घाबरवलात हो आमचा." टक्.

ओडेट नुसती हसली, ओठ मिटून. हात तिनं मांडीवरच ठेवले.

त्या दिवशी होडीवाला रूफस ताजी गोणी घेऊन आला होता आणि ओट्याशी बियर पीत उभा होता. क्लोटील गोणीतलं एकेक कालव दुसऱ्यावर वाजवून बघत होती, न बघता, बडबड करता करता, आम्ही सगळेच करतो तसं. जिवंत कालव दगडासारखं टणक वाजतं. मेलेलं रिकाम्या डब्यासारखं. मध्येच तिचे हात थांबले. तिनं एक कालव परत वाजवलं. थप.

"रूफस," ती म्हणाली, "मुकं."

बारमधली जुनी मंडळी हसायला लागली. मुकं कालव म्हणजे जे आत मरून गेलंय, पण शिंपला घट्ट मिटलेला राहिला आणि फटीतून गाळ आत भरत गेला. दिसायला चांगलं. वजन बरोबर. शंभर जणांना फसवेल. फक्त वाजत नाही. आणि धंद्याचा नियम असा, की मुकं निघालं तर फोडणारा त्याला हात लावत नाही. ज्यानं गोणी आणली त्यानंच ते सगळ्यांदेखत उघडायचं. क्लोटीलनं सुरी ओट्यावरून रूफसकडं सरकवली, मूठ त्याच्या बाजूला करून.

"अगं, फेकून दे ना!" रूफस म्हणाला.

"तू आणलंस, तू उघड."

त्यानं उघडलं. आत काठोकाठ काळा, चकचकीत रेंदा. ओहोटीच्या खाडीचा वास बारभर सुटला. लोकांनी ओरडून नाकं धरली, रूफसला चार शिव्या मिळाल्या, त्यानं सगळ्यांना एकेक बियर पाजली.

ओडेट त्या शिंपल्याकडं टक लावून बघत होती. दुसऱ्या कशाकडं तिनं गेल्या कित्येक दिवसांत इतकं मन लावून बघितलं नव्हतं.

"क्लोटील," ती म्हणाली, "त्याला स्वतःला कळत असेल का गं?"

"कुणाला, मिस ओडेट? रूफसला? त्याला काही कळत नाही."

सगळे हसले.

"शिंपल्याला," ओडेट म्हणाली. "आत काय आहे ते."

५

आता घरातलं सांगतो.

घर तेच. स्वयंपाकघरात तीच पिवळी टेबलं-खुर्च्या, तोच करकरणारा पंखा. ओडेट सगळं करत होती. कॉफी करायची, झाडांना पाणी घालायची, शेजारणीशी कुंपणावरून बोलायची. पण जिन्यावर तिचं पाऊल पडलं की पायरी बोलायची. पूर्वी ती पायरी फक्त माझ्या पायाखाली बोलायची. पलंगावर ती बसली की मी तिच्या बाजूला घसरायचो. वजनकाट्यावर उभं राहा म्हणालो तर ती म्हणाली, "बाईमाणसाला असं विचारतात का?" वाक्य तिचंच होतं. पूर्वीही असंच म्हणायची. पण पूर्वी हसून म्हणायची.

तोंड उघडून हसायचीच नाही, हे माझं खरं दुखणं होतं. बाकी सगळं मी गिळलं असतं. ती बोलायची तेसुद्धा ओठ जेमतेम उघडून. काही गमतीचं झालं की रुमाल तोंडाशी जायचा. मी जुन्या गोष्टी काढल्या, शेजाऱ्यांच्या नकला केल्या, एकदा तर तिची टोपी घालून अंगणात नाचलो. ती रुमालाआडून माझ्याकडं बघायची. डोळ्यांत माया होती, शपथेवर सांगतो. खोटी माया मला कळते, आयुष्यभर गिऱ्हाइकं सांभाळलीत.

एका रविवारी दुपारी ती सोफ्यावर झोपली होती. खिडकीतलं ऊन तिच्या गळ्यावर पडलं होतं. मी तिच्याजवळ खाली बसलो होतो, आणि माझ्या हाताची खोड अशी की जे समोर येईल ते पेरानं वाजवून बघायचं. कलिंगड, दार, पाव, काहीही. मी तिच्या गळ्याखालच्या हाडावर लाडानं पेर आपटलं.

थप.

मूर्खा, मी स्वतःला म्हटलं, माणूस काय वाजतो? मग मी माझ्या छातीवर त्याच जागी पेर आपटलं. वाजलं. सगळ्यांचंच वाजतं, आत हवा असते.

मी परत तिच्या हाडावर हात नेला. नेला आणि मागं घेतला. ती डोळे उघडून माझ्याकडं बघत होती. कधीपासून, देव जाणे.

"झोप लागत नाही का, बाल्डो?" तिनं विचारलं.

मी उठून कॉफी ठेवली. अर्धी पूड शेगडीवर पडली.

६

आणि तरी पुढच्या शनिवारी तिला घेऊन मी बाहेर पडलोच. घरात बसवेना. मला सगळं नेहमीसारखं हवं होतं. नवा बार, मोठी खिडकी, भर दुपार, बाहेर पर्यटकांची झुंबड. आइस्क्रीम चाटणारी पोरं, खेचराची गाडी, पाय दुखतात म्हणून रस्त्यातच बूट काढून बसलेली बाई. पूर्वीची ओडेट असती तर तिला पुरून उरलं असतं.

"हा," ओडेट म्हणाली.

उन्हाळी टोपी घातलेला, देखणा माणूस, दोन मुलांचे हात धरून चाललेला. आमच्या काचेपासून हाताच्या अंतरावर.

मला काय झालं ठाऊक नाही. मी ओट्यावरची सुरी उचलली आणि तिच्या मुठीनं काचेवर सगळ्या जोरानं हाणलं.

फुटपाथवरचा प्रत्येक माणूस दचकला. बूट काढलेली बाई उडाली. एका पोराचं आइस्क्रीम पडलं. त्या माणसानं धरलेली दोन्ही मुलं एकदम त्याच्या पायांना बिलगली. तो चालत राहिला, पुढचं पाऊल टाकलंदेखील. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे थांबलेत. तो थांबला. आजूबाजूला बघितलं. आणि छातीवर हात ठेवला, ओडेटनं ठेवला होता तसाच.

सुरी मी ओट्यावर परत ठेवली. फोडणारा माझ्यावर खेकसत होता, म्हातारा चळलाय का, काच फोडशील. मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. बाहेर त्या माणसानं मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि त्यांना घेऊन गेला. मुलं त्याला काहीतरी विचारत होती. तो ओठ जेमतेम उघडून उत्तर देत होता.

"ती," ओडेट हलक्या आवाजात म्हणाली. "आणि तो, सायकलवाला. आणि त्या दोघी."

"बस्स कर!" मी ओरडलो.

तिनं माझ्याकडं बघितलं. घाबरली होती. माझ्यामुळं नव्हे. "पूर्वी मला हे दिसत नव्हतं रे," ती म्हणाली. "मला का दिसतं?"

७

बुधवारी सकाळी लुक्शाचा फोन आला. मी अंगणात उभा होतो. ओडेट आतून, जाळीच्या दारापलीकडून, माझ्याकडं बघत होती.

"बाल्डो, तू ये," तो म्हणाला. "आजच ये. एकटा."

"काय झालं?"

"मी त्या डाव्या अंगाला चिमटा टाकला होता. कालवांसाठीच टाकला, तुझी शपथ."

मी दाराकडं पाठ फिरवली.

"वजन लागलं." त्याचा आवाज फुटला. "बाल्डो, मला वजन कळतं. तुला कळतं तसंच मला कळतं. मी वर नाही काढलं. तसंच हळूच सोडलं खाली. तू ये, आपण दोघं मिळून..."

"लाकूड असेल," मी म्हणालो.

"चिमट्याला अंगठी घासली. धातूचा आवाज वर येतो की नाही, तूच सांग."

मी जाळीच्या दाराकडं बघितलं. ओडेटचा हात जाळीवर टेकलेला होता. त्या हाताच्या बोटात लग्नाची अंगठी नव्हती. होडीवर घेतली तेव्हाही नव्हती. पाण्यात निसटली असेल असं आम्हीच ठरवलं होतं, आणि मी तिला नवी घ्यायला निघालो तर ती म्हणाली होती, राहू दे, बोटात जात नाही आता.

"पाच दिवस दे मला," मी म्हणालो.

"बाल्डो, ती खाली..."

"म्हटलं ना, दे!"

८

शनिवारी मी तिला क्लोटीलकडं घेऊन गेलो. का, ते सांगता येणार नाही. बहुतेक कुणीतरी माझ्यासोबत असावं असं वाटलं. पाऊस नाही, अंधार नाही, लख्ख दुपार. बार भरलेला. टक्, टक्, ओट्यावर रामराम चालू होते.

"मिस्टर बाल्डो, तोंड का असं उतरलंय? रेस हरलात काय?" टक्.

टक्, मी उत्तर दिलं.

"मिस ओडेट." टक्. "आज उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही हं. गेल्या वेळी बुडवलंत."

ओडेटनं माझ्याकडं बघितलं. मग सावकाश उजवा हात वर घेतला आणि पेर ओट्यावर आपटलं. संगमरवरावर. जोरात आपटलं, तिच्या हाताचा धक्का माझ्या ग्लासातल्या बियरला लागला.

थप.

क्लोटीलचे हात थांबले. तोंडावर अजून हसू होतं, ते तसंच राहून गेलं. हातांनी जे केलं ते डोक्यानं सांगून केलेलं नव्हतं. ती एक पाऊल मागं सरली, सुरी ओट्यावर आडवी ठेवली आणि माझ्याकडं सरकवली. मूठ माझ्या बाजूला.

मग आपण काय केलं ते तिला कळलं असावं. तिनं तोंडावर हात धरला. "मिस्टर बाल्डो, मी... मला माफ करा, मी का..."

पण सुरी तिथंच होती. आणि ओडेट कालववाल्याची बायको. जन्मभर या ओट्यांशी बसलेली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं सुरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, स्टुलावर माझ्याकडं वळून बसली. रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

"उघड ना, बाल्डो," ती म्हणाली. "मलाही कळत नाही रे आत काय आहे. सकाळी उठते, तुझी कॉफी करते. तुझ्यावर जीव आहे एवढं कळतं. बाकी काही कळत नाही. तू आणलंस, तूच उघड."

माझ्या हातात सुरी होती. कधी उचलली, आठवत नाही. तिची हनुवटी वर केलेली. घाबरलेली. मी काय करावं? रडावं, ओरडावं, पळावं? मला जे येतं ते मी केलं. भांडण मिटवायला जे नेहमी म्हणायचो तेच तोंडून निघालं, जरा उलटंपालटं होऊन.

"काय हा मोती," मी म्हणालो. "इतकी वर्षं तोंड बंद कर म्हणत होतो, आता उघडत नाही."

आणि ती हसली.

रुमाल मांडीवर राहिला. तिला आवरलंच नाही. मान मागं टाकून, सगळं तोंड उघडून हसली, आणि आवाज तिचाच होता, अगदी तोच, पहिल्या दिवसाचा. बारमधले लोक वळून बघायला लागले आणि उगाचच हसायला लागले.

मी तिच्या अगदी समोर होतो, खिडकीतला उजेड सरळ आत पडला होता. ओठांच्या आतपासून तिथं काळं होतं. काळं, ओलं, गुळगुळीत, काठापर्यंत. जीभ असते तिथं. दाढेतली चांदी असते तिथं. ओहोटीच्या खाडीचा वास माझ्या तोंडावर आला.

मी तळहात तिच्या हनुवटीखाली धरला आणि तोंड मिटवलं, हलकेच. हसणं आत विरत गेलं.

"काय होतं?" तिनं विचारलं. डोळ्यांत हसण्याचं पाणी होतं अजून.

"काही नाही," मी म्हणालो. "दाढेतली चांदी."

सुरी मी क्लोटीलकडं परत सरकवली, मूठ तिच्या बाजूला करून. क्लोटील मान हलवत होती, नाही, नाही. "हे माझं आहे," मी तिला म्हणालो. "मी आणलंय. मी नाही उघडणार."

ओडेटनं माझ्या हातावर हात ठेवला. जड होता. गार होता. पण ठेवला तो तिनंच. मग खिडकीकडं वळून ती माणसं बघायला लागली. "पुढच्या शनिवारी कुठं जायचं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नदीच्या बाजूला नवा बार निघालाय, खिडकी म्हणे भिंतीएवढी आहे. ती म्हणाली, बरं.

खिशात फोन थरथरत होता. लुक्शाचाच. पाच दिवस अजून झाले नव्हते, पण त्याला धीर निघत नसणार. होडीवर उभा असेल, चिमटा हातात धरून, डाव्या अंगाला बघत. मी फोन बंद केला आणि ओडेटसाठी लिंबू पिळायला घेतलं.

तिकडं तो माझी वाट बघत असेल. तळाशी ओडेटही.